मेलेल्याचे तोंड



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार असे आपण धरून चालता. आज आम्ही एका चित्रपटावर बोलणार आहो. विषय अभद्र आहे. आम्हांलाही तो अभद्रच वाटला होता.

चित्रपट कॅनडातला, १९९६ सालचा, नाव 'किस्ड'. लिन स्टॉपकेविच या बाईंचा हा पहिलाच मोठा चित्रपट. मूळ कथा बार्बरा गौडी यांची. नायिका सँड्रा लहानपणी मेलेली पाखरे गोळा करते आणि विधिपूर्वक पुरते. मोठेपणी ती अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या पेढीत नोकरीला लागते. तेथे तरुण पुरुषांची प्रेते येतात, आणि त्यांच्याशी ती शरीरसंबंध ठेवते.

आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू द्या. पण दिग्दर्शिका या मुलीला राक्षसीण करीत नाही. तिच्या त्या क्षणी पडदा उजेडाने भरून जातो, जणू ती देवळात उभी आहे. मॉली पार्कर या नटीने हे काम इतक्या शांतपणे केले आहे की पाहणाराच ओशाळतो.

आम्ही मात्र तिची नोकरी पाहत होतो. तिचा मालक तिला काम शिकवतो. प्रेतातले रक्त काढायचे, टिकवण्याचे औषध आत सोडायचे, चेहरा नीट करायचा. आमच्या युनियनमध्येही शवागारात राबणारे लोक होते. एका इस्पितळात त्यांना हातमोजे मिळत नसत, म्हणून आम्ही अर्ज लिहीत बसलो होतो. एक म्हातारा नोकर म्हणाला, "भाऊ, मोज्यांचं लिहा. पण बाईमाणसाला पुसताना मी मान वळवतो, तेही लिहा."

सँड्रा मान वळवीत नाही. आपण मेलेल्याला काही देतो आहो अशी तिची श्रद्धा आहे, आणि ती खोटी नाही हे आम्ही मान्य करतो. पण ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्याशी झालेल्या व्यवहाराला काय म्हणावे? आम्ही उभा जन्म मालकांशी करार केले. एका पक्षाला तोंडच नसेल तर आम्ही त्याला करार म्हटले नाही.

मॅट नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी तिच्यावर प्रेम करतो. ती त्याच्यापासून काही लपवीत नाही. हा जिवंत गडी शेवटी मेलेल्यांचा मत्सर करू लागतो, आणि तिला पुरता मिळावा म्हणून जीव देतो. बोलणारे तोंड त्याने आपण होऊन मिटले! चित्रपटगृहात त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे तो म्हातारा उभा राहिला.

त्याचे वाक्य अर्जात कोठे घालावे हे आम्हांला त्या दिवशी सुचले नव्हते. आम्ही हातमोज्यांचे तेवढे लिहिले, आणि तो न वाचता अंगठा देऊन कामावर गेला.