जायबंदी जवान आणि आपली सायकलफेरी

(सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या पूर्वतयारीसाठी सिल्वासा येथे भरलेल्या शिक्षक, सरपंच व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९४९ सालापासून दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे निशाण त्या दिवशी आपण छातीवर लावतो आणि यथाशक्ति वर्गणी देतो. तीन रंग तीन सेनादलांचे. यंदा या दिवशी शाळांच्या आणि गावांच्या सहभागाने एक सायकलफेरी काढावी आणि तीतून जायबंदी जवानांना साहाय्य करावे, अशी सूचना आपल्यापैकी काही शिक्षकांनी केली आहे. सूचना उत्तम आहे. परंतु फेरी कोणासाठी काढावयाची, तीत पुढे कोणी राहावयाचे आणि फेरी संपल्यावर मागे काय उरावयाचे, याचा विचार आधी व्हावा, एवढ्याचकरिता मी आज आपणापुढे उभा आहे.

आपल्या या भूमीचा इतिहास आपण जाणताच. १९५४ साली २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, ते स्वयंसेवकांच्या हातून. येथे सैन्य आले नव्हते. दमणला मात्र १९६१ च्या डिसेंबरात सैन्य पाठवावे लागले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने ती कामगिरी पार पाडली. त्या लढाईत आपल्या बाजूचे ४ जवान कामी आले आणि १४ जखमी झाले. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि आपण एकाच केंद्रशासित प्रदेशाचे रहिवासी आहोत. म्हणून मी आपणाला एक प्रश्न विचारतो. जे चौघे धारातीर्थी पडले, त्यांच्यापुढे आपण मस्तक नमवितो, आणि ते योग्यच आहे. पण जे चौदा जखमी झाले, त्यांचे पुढे काय झाले? त्यांपैकी कोणाचा हात गेला, कोणाचा पाय गेला, कोण पुन्हा शेतावर उभा राहू शकला, हे या सभेतील कितीजणांना सांगता येईल?

मला सांगता येत नाही. आपणापैकीही फार थोड्यांना येत असेल. हुतात्म्याचे स्मरण वर्षातून एकदा केले तरी चालते. जखमी जवानाला मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जगावयाचे असते.

या जाणिवेतून आपल्या देशात काही संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांतील महत्त्वाच्या संस्था आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच आहेत. पहिल्या महायुद्धात अपंग होऊन परतलेल्या हिंदी शिपायांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ साली, पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले अशा जवानांसाठी खडकीलाच पक्षाघात पुनर्वसन केंद्र उघडण्यात आले. तेथील निवासी चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही चालत नाहीत, ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. लोक तेथे सहानुभूती घेऊन जातात आणि परतताना आदर घेऊन येतात.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे याचे ठळक उदाहरण होय. ते सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालची शक्ति गेली. उपचार म्हणून त्यांना पाण्यात पोहावयास सांगण्यात आले. त्या उपचारातून १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेतील ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीचे सुवर्णपदक निर्माण झाले. वेळ होती ३७.३३ सेकंद, आणि तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. या विलंबातून आपण काय शिकावयाचे ते आपले आपण ठरवावे.

आता सायकलच का, याकडे वळतो. खेळ हा जखमी जवानाच्या उपचाराचाच भाग आहे, हे इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील डॉ. लुडविग गुटमान यांनी दाखवून दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी १६ जायबंदी माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या स्पर्धेतूनच पुढे पॅरालिंपिकचा वटवृक्ष वाढला. सायकलचा विशेष असा की, तीवर शरीराचा भार बैठक उचलते. धावताना जो दाब कापलेल्या पायाच्या खुंटावर आणि गुडघ्यावर येतो, तो सायकलवर पुष्कळ कमी असतो. छाती आणि हृदय यांना मात्र पुरेपूर व्यायाम घडतो. एक पाय असलेला मनुष्य पेडलला पट्ट्याने पाऊल बांधून घेतो. त्यामुळे त्याच पायाने पेडल खाली दाबता येते आणि वरही ओढता येते. ज्याचे दोन्ही पाय निकामी आहेत, तो हाताने फिरविण्याची तीनचाकी चालवितो. ज्याची दृष्टी गेली आहे, तो दोघांच्या जोडसायकलवर मागे बसतो आणि डोळस साथीदार पुढे बसून दिशा सांभाळतो. पाय चौघांचे नसले तरी बळ दोघांचे लागते. या सर्व प्रकारांच्या शर्यती आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नियमाने होतात. चाकाच्या खुर्चीला कधी कधी कोणीतरी ढकलणारा लागतो. सायकलवर मात्र मनुष्य स्वतःच्या बळावर गावाची वेस ओलांडतो. पाय गमावलेल्या माणसाला याचे मोल किती वाटत असेल, याची कल्पना धडधाकट माणसाने करावी.

जखमी सैनिकांसाठी सायकलफेऱ्या काढण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत अनेक देशांत रुजली आहे. तीतील दोन उदाहरणे आपल्या उपयोगाची आहेत. अमेरिकेत २००४ साली एका धडधाकट तरुणाने जखमी सैनिकांच्या मदतीसाठी एका समुद्रकिनाऱ्यापासून दुसऱ्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत एकट्याने सायकल चालवून निधी गोळा केला. दुसऱ्या वर्षी मात्र पाय गमावलेले सैनिक स्वतःच त्याच्याबरोबर निघाले, आणि तेव्हापासून त्या उपक्रमाचे स्वरूपच बदलले. जखमी सैनिक निधीचे कारण होते, ते फेरीचे स्वार झाले. दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे २००७ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने २००८ साली फ्रान्समधील जुन्या रणभूमीवरून सायकलफेरी काढली. तिच्या निधीसंकलनाचा पहिला हेतू अगदी नेमका होता: जखमी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रात पोहण्याचा तलाव बांधणे. देणाऱ्याला आपला पैसा कोठे जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. अपघातात एक पाय गमावलेले हैदराबादचे श्री. आदित्य मेहता यांनी २०१३ च्या आशियाई अपंग सायकल स्पर्धेत दोन रौप्यपदके मिळविली. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने सीमा सुरक्षा दलाच्या सहकार्याने कर्तव्य बजावताना जायबंदी झालेल्या जवानांना सायकलीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. २०२० च्या नोव्हेंबरात असे जवान आणि अपंग नागरिक यांचे एक पथक काश्मीरातून निघाले आणि डिसेंबरअखेर कन्याकुमारीला पोहोचले. कोणी एका पायाने, तर कोणी हातांनी चाक फिरवीत देशाची सारी लांबी ओलांडली. ज्या गावांतून हे पथक गेले, तेथील मुलांच्या मनात अपंगत्वाविषयीची जी समजूत होती, ती पाठ्यपुस्तकातील दहा धड्यांनीही इतकी बदलली नसती.

येथे मी स्वतःची एक चूक आपणापुढे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा सत्कार समारंभ होता. व्यवस्था माझ्याकडे होती. मंडप, हारतुरे, ध्वनिक्षेपक, छायाचित्रकार, सर्व काही वेळेवर आले. सत्कारमूर्तींमध्ये एक पाय गमावलेले एक वयस्क जवान होते. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. ते वर कसे चढणार, हा विचार मला सुचला नव्हता. अखेर दोन शिपायांनी त्यांना काखेत धरून उचलले आणि वर नेऊन खुर्चीवर बसविले. सभेने टाळ्या वाजविल्या. त्यांची मान खाली होती. समारंभ आटोपल्यावर मी त्यांच्यासाठी जीप बोलावू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, जीप नको. माझी सायकल त्या वडाखाली आहे." आठ किलोमीटरचा रस्ता ते एका पायाने सायकल चालवीत आले होते. आणि आम्ही त्यांना पाच पायऱ्या सामानासारख्या उचलून चढविल्या! शाल आणि श्रीफळ सायकलच्या मागे बांधून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी समारंभाचा वृत्तान्त मीच लिहिला. त्यात टाळ्यांचा उल्लेख होता, सायकलचा नव्हता.

त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे. जायबंदी जवानाला आपण उचलावयाचे नसते. त्याच्या वाटेतल्या पायऱ्या काढावयाच्या असतात. आपल्या सायकलफेरीची आखणी याच सूत्राने व्हावी, अशी माझी विनंती आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी सुचवितो. पहिली गोष्ट, फेरीच्या अग्रभागी जायबंदी जवान असावेत. आपल्या गावात किंवा शेजारच्या जिल्ह्यांत असे माजी सैनिक असतील, तर शिक्षकांनी आणि सरपंचांनी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सोयीने, त्यांना विचारावे. येण्याची सक्ती नसावी. नकार मिळाला तर तोही मानाने स्वीकारावा. फेरीचा वेग सर्वांत पुढे असलेल्या या स्वारांचा राहील. कोणीही त्यांना मागे टाकू नये.

दुसरी गोष्ट मार्गाची. खानवेल आणि दुधनीकडचा मुलूख डोंगराळ आहे. नरोलीकडचा भाग त्यामानाने सपाट. पहिल्या वर्षी सपाट मार्ग घ्यावा. कारखान्यांच्या मालमोटारींची वर्दळ असलेला रस्ता टाळावा आणि पोलिसांशी आधीच बोलून ठेवावे. हाताने चालवावयाची तीनचाकी रुंद असते. तिला खड्डा आणि गतिरोधक दोन्ही जाचक होतात. म्हणून आठ दिवस अगोदर संबंधित अधिकाऱ्यांनी तो रस्ता स्वतः सायकलवरून पाहावा. मोटारीतून रस्ता नीट दिसत नाही.

तिसरी गोष्ट आरोग्याची. कृत्रिम पाय घामाने आतून घासतो आणि जखम होते. म्हणून दर काही अंतरावर सावलीत थांबा, स्वच्छ पाणी आणि कोरडा कपडा हवा. कण्याला इजा झालेल्या माणसाला खालच्या अंगाची संवेदना नसते. एकाच जागी फार वेळ बसल्याने त्याला व्रण पडतो आणि तो त्याला कळतही नाही. म्हणून मऊ बैठक आणि मधून मधून अंग उचलण्यास अवकाश हवा. आरोग्य केंद्राची परिचारिका फेरीबरोबर असावी. शौचालय असे असावे की, त्यात चाकाची खुर्ची जाऊ शकेल. शाळेत असे शौचालय नसेल, तर फेरीच्या निमित्ताने ते होऊ द्या. उद्या गावातील एखाद्या अपंग मुलीलाही त्याचा उपयोग होईल.

चौथी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वांत नाजूक. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. रक्कम ध्वजनिधीत भरावयाची की खडकीच्या केंद्रासारख्या संस्थेला पाठवावयाची, हे आधी ठरवून फलकावर लिहावे. फेरीनंतर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. हारतुऱ्यांवर जितका खर्च होईल, तितका निधीतून वजा झाला असे समजावे.

आणि शेवटची गोष्ट शिक्षकांसाठी. मुलांना सायकल घेऊन बोलावण्यापूर्वी वर्गात एक तास या विषयाला द्यावा. दमणची लढाई सांगावी, पेटकरांची गोष्ट सांगावी, आणि मुलांना पुढील आठवड्यात एक काम द्यावे: आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, टपाल कचेरीत आणि दवाखान्यात एका पायाने किंवा चाकाच्या खुर्चीने कोठे कोठे जाता येत नाही, ते पाहून वहीत टिपावे. त्या वह्या फेरीच्या दिवशी सरपंचांच्या हाती द्याव्यात. त्यांतील निदान एक अडथळा पुढच्या ध्वजदिनापूर्वी दूर झाला, तर आपली फेरी खऱ्या अर्थाने मुक्कामाला पोहोचली असे मी मानीन.

बंधुभगिनींनो, सीमेवर ज्याने पाय दिला, त्याला पाय परत देण्याचे सामर्थ्य आपणापाशी नाही. रस्ता देण्याचे सामर्थ्य मात्र निश्चित आहे. येत्या ७ डिसेंबरला तो रस्ता आपण मोकळा करून देऊ या, आणि स्वतः त्याच्या मागून, त्याच्या वेगाने चालू या.

जय हिंद!