फाटकाआडचे जुने घर



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका जुन्या श्रोत्यांनी आम्हांस वाटेत थांबवून विचारले, "अहो, गोल्फ आणि आपले गाव यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. या गावात गोल्फची काठी हाती धरलेली माणसे शोधूनही सापडावयाची नाहीत. परंतु या मंडपात असे पुष्कळ श्रोते आहेत, की ज्यांचा भाऊ, बहीण किंवा वर्गबंधू अमेरिकेत जाऊन राहिला. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांना वसू देण्याचा आपला कायदा बदलला आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडचे डॉक्टर व इंजिनिअर तिकडे गेले. त्यांतले बरेच जण आता पंचाहत्तरीला आले. मोठे घर झेपत नाही, दारातले बर्फ उपसवत नाही, मुले दोन हजार मैलांवर. अशा वेळी ऊबदार प्रांतातली, भिंत आणि फाटक असलेली, मधोमध गोल्फचे मैदान असलेली, केवळ उतारवयाच्या लोकांसाठी बांधलेली वसाहत त्यांना दिसते, आणि तीत एखादे जुने घर विकावयाचे असते. मग येथल्या भावाला फोन येतो, "घेऊ का रे?"

आमच्या एका स्नेह्यांचा असाच फोन आम्हांस आला. त्यांचे घर ॲरिझोनात, फिनिक्स शहराच्या आसपास, तीसएक वर्षांपूर्वी बांधलेल्या एका वसाहतीत होते. वसाहतीचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी कागदांचा एक भला मोठा गठ्ठा पाठविला आणि लिहिले, "तुम्ही कायदा शिकलेले, वाचून मत द्या." त्या वाचनातून जे हाती आले ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही वसाहत आली कोठून ते थोडक्यात पाहू. फिनिक्सच्या वायव्येस मॅरिनेट नावाच्या ओसाड पडत चाललेल्या ठिकाणी कापसाची शेते होती. तेथे डेल वेब या कंत्राटदाराने १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' हे निवृत्तांचे गाव विक्रीस खुले केले. हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या 'यँकीज' या बेसबॉल संघाचे भागीदार मालकही होते. त्यांनी युक्ती अशी केली, की गोल्फचे मैदान, दुकाने आणि करमणुकीची इमारत आधी बांधून काढली, आणि नमुन्याची घरे मग दाखविली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे पाहावयास आली. मोटारींची रांग लागली. म्हातारपणी मुलांपासून दूर, परक्या म्हाताऱ्यांच्या सोबतीने राहावयास कोण जाईल, अशी शंका घेणारे पुष्कळ होते; ते खोटे ठरले. १९७८ च्या सुमारास सन सिटीतील बांधकाम संपले आणि कंपनी शेजारच्या 'सन सिटी वेस्ट'कडे वळली. म्हणजे तेव्हापासून सन सिटीत घर घ्यावयाचे तर कोणाचे तरी नांदून झालेलेच घ्यावयाचे.

सन सिटीला फाटक नाही. भिंत, फाटक आणि पहारेकरी हे कॅलिफोर्नियात रॉस कॉर्टीझ यांनी १९६२ साली सील बीच येथे उभारलेल्या 'लेझर वर्ल्ड'मध्ये ठळकपणे दिसतात. दोन वर्षांनी त्यांनीच लगूना येथे आणखी मोठी वसाहत काढली. तिचे आता 'लगूना वुड्स' नावाचे स्वतंत्र शहरच झाले आहे. उलट फ्लॉरिडातील 'द व्हिलेजेस' या अवाढव्य वसाहतीत फाटके जागोजाग आहेत, पण रस्ते बहुतांशी सार्वजनिक आहेत. कोणीही यावे, बटण दाबावे, आडवा दांडा वर जातो! तेव्हा फाटक पाहून हुरळू नये. रस्ता कोणाचा ते विचारावे. कारण फाटक खरे असेल तर आतले रस्ते खाजगी असतात, आणि रस्ते खाजगी असले म्हणजे त्यांचे डांबर, दिवे आणि पाणी वाहून नेणारी गटारे यांचा खर्च नगरपालिका करीत नाही. तो आतल्या लोकांनी करावयाचा. आपण आपल्या रस्त्यांविषयी नगरपालिकेला शिव्या देतो. तेथे शिव्या द्यावयाला आरशाखेरीज कोणी उरत नाही.

येथेच मुद्द्याचा आरंभ होतो. घर विकत घेणारा मनुष्य घराकडे पाहतो. आमचे स्नेहीही तसेच पाहत होते. घर होते देखणे. मालकीणबाई वारल्या होत्या. मुलगा आणि मुलगी दूरच्या राज्यांत. त्यांनी घर भांड्याकुंड्यांसह, पलंग-खुर्च्यांसह आणि गोल्फच्या छोट्या गाडीसह विकावयास काढले होते. फडताळात कपबशा जशाच्या तशा. स्नेह्यांच्या पत्नी म्हणाल्या, की चहाला आधण ठेवावे आणि बाईंनी आतून बाहेर यावे असे वाटत होते. असे घर पाहताना मन विरघळते. म्हणून आम्ही त्यांना लिहिले, की घरातल्या तीन गोष्टी तज्ज्ञाकडून पाहून घ्या आणि मग घराकडे पाहणे थांबवा. पहिली, छप्पर. ॲरिझोनात कौले पुष्कळ टिकतात, पण कौलांखाली अंथरलेला डांबरी थर त्या उन्हात पंचवीस-तीस वर्षांत कुजतो; वरून सारे शाबूत दिसते. दुसरी, हवा थंड करणारे यंत्र, कारण तेथे त्यावाचून उन्हाळा काढणे अशक्य. तिसरी, नळ. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान तिकडे पुष्कळ घरांत पॉलिब्यूटिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे करडे नळ घातले गेले. ते पाण्यातल्या क्लोरीनने आतून खंगतात आणि एके दिवशी फुटतात.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. गोल्फच्या हिरव्या पट्ट्याला लागून असलेल्या घराला भाव अधिक. परंतु उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. म्हणून चेंडू मारण्याच्या जागेपासून दीड-दोनशे यार्डांवर उजव्या बाजूस जे घर असते, त्याच्या काचांना आयुष्य थोडे. आणि करारात बहुधा लिहिलेले असते, की चेंडूने होणारे नुकसान घरमालकाने जाणूनबुजून पत्करले आहे. स्नेह्यांचे घर नेमके त्याच बाजूस होते. मागल्या अंगणात त्यांना पहिल्याच भेटीत चेंडू मिळाले. ते त्यांनी मोजले, नऊ होते.

आता घराबाहेरची गोष्ट. अशा वसाहतीत घर घेणारा रहिवाशांच्या संघाचा सभासद आपोआप होतो. त्यातून त्याला सुटका नाही. दरमहा वर्गणी, आणि घर हाती येताना हस्तांतराचे वेगळे शुल्क. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत सदनिका हस्तांतरित होताना घ्यावयाच्या अधिमूल्याला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. तिकडे ते प्रत्येक वसाहतीच्या नियमांवर असते आणि काही हजार डॉलर सहज जाते. त्याचा आम्ही बाऊ करीत नाही. ती रक्कम आधी कळते. जी कळत नाही ती दुसरीच.

आपल्या संस्थांत 'सिंकिंग फंड' असतो, तसा तेथे राखीव निधी असतो. रस्ते, पोहण्याचा तलाव, क्लबची इमारत, मैदानाखालचे पाण्याचे नळ हे सारे कधी ना कधी बदलावे लागणार. त्यासाठी दरमहा थोडे थोडे साठवावयाचे. किती साठवावे याचा अंदाज तज्ज्ञ काढून देतात. पण तितके साठवावयाचे तर वर्गणी वाढवावी लागते. वाढ फार झाली, म्हणजे मागल्या वर्षाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक झाली, तर ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे सभासदांच्या बहुमताची संमती लागते. आता सभासद कोण? बांधीव उत्पन्नावर जगणारे, ऐंशीच्या घरातले लोक. वीस वर्षांनी लागणाऱ्या रस्त्यासाठी आज पैसे द्या असे त्यांना म्हटले, तर ते का देतील? त्यांत त्यांचा दुष्टपणा नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही हात खालीच ठेवला असता.

सन सिटीचे एक जुने प्रकरण येथे आठवते. तेथल्या मतदारांनी आसपासच्या शाळांसाठी काढावयाच्या कर्जरोख्यांना वारंवार विरोध केला. अखेर १९७४ साली सन सिटीला त्या शाळाखात्याच्या हद्दीतूनच वगळण्यात आले. ज्यांच्या गावात मूल नाही त्यांनी शाळेसाठी पैसे नाकारले, हे समजण्यासारखे आहे. पण हीच वृत्ती आपल्याच छपराकडे आणि आपल्याच रस्त्याकडे वळली म्हणजे काय होते? मागल्या रहिवाशाची काटकसर नव्या रहिवाशाच्या नावावर कर्ज होऊन उभी राहते. समजा, चारशे घरांची वसाहत आहे, रस्त्यांना वीस लक्ष डॉलर लागणार आणि निधीत काहीच नाही. म्हणजे प्रत्येक घरामागे पाच हजार डॉलरांची खास वर्गणी. ती कपबशा ठेवून गेलेल्या बाईंनी द्यावयाची नाही. त्यांच्या कपातून चहा पिणाऱ्याने द्यावयाची.

म्हणून आम्ही स्नेह्यांना लिहिले, की राखीव निधीचा ताजा अहवाल, गेल्या तीन वर्षांचे हिशेब, सभांचे इतिवृत्त आणि चालू असलेल्या दाव्यांची यादी मागा. यांतले बरेच कागद घेणाऱ्यास मिळावेत असे तिकडील कायदे आहेत, आणि ते वाचून करारातून मागे फिरण्यासही बहुधा थोडे दिवस मिळतात. इतिवृत्त सर्वांत आधी वाचावे. हिशेब गप्प बसतात. इतिवृत्तात माणसे भांडतात आणि भांडताना खरे बोलतात.

मैदानाविषयी तर विशेषच विचारावे: ते कोणाच्या मालकीचे? संघाचे, खेळणाऱ्यांच्या क्लबाचे, की बाहेरच्या कोणा कंपनीचे? अठरा खळ्यांच्या मैदानाला साधारण दीडशे एकर जमीन लागते, आणि वाळवंटात ती हिरवी ठेवावयाची म्हणजे पाणी ओतावे लागते. अमेरिकेत घरे खपविण्याचे आमिष म्हणून मैदाने इतकी बांधली गेली, की २००६ पासून पुढे कित्येक वर्षे उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारीच अधिक होती. २०२० च्या साथीत लोक पुन्हा खेळू लागले, हेही सांगितले पाहिजे. फिनिक्समधील आवाटूकी लेक्स हे मैदान २०१३ साली मालकाने बंद केले. भोवतालच्या घरमालकांनी करारातील बंधनांवर बोट ठेवून दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि न्यायालयाने मैदान पुन्हा सुरू करण्याचा हुकूम दिला. ती काही निवृत्तांची वसाहत नव्हे. तिच्या घरमालकांपाशी वाट पाहावयाला वर्षे होती. ऐंशीच्या माणसाने असा दावा जिंकून करावयाचे काय?

आणि क्लबचे सभासदत्व सक्तीचे असेल तर अधिकच जपावे. दक्षिण फ्लॉरिडात अशा वसाहती पुष्कळ आहेत. २००८ च्या मंदीनंतर तेथे वारसांनी चांगली घरे नाममात्र किमतीला देऊन टाकली, कारण क्लबची वार्षिक देणी घराहून जड झाली होती.

वयाचा नियम शेवटी घेतो, पण घरात तो पहिला बोलला पाहिजे. अमेरिकेत मुलाबाळांच्या कुटुंबाला घर नाकारणे १९८८ पासून कायद्याने मना आहे. निवृत्तांच्या वसाहतींना त्यातून सूट मिळते. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अट अशी, की राहत्या घरांपैकी निदान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरचा एक तरी मनुष्य असावा. उरलेल्या वीस टक्क्यांचे काय करावयाचे ते प्रत्येक वसाहत स्वतः ठरवते. नवरा साठचा, बायको एकावन्नची. नवरा वारला तर बाईने राहावे की नाही? पुष्कळ ठिकाणी राहू देतात. पण 'पुष्कळ ठिकाणी' हे काही आपल्या करारात लिहिलेले नसते. द व्हिलेजेसमध्ये एकोणीस वर्षांखालचा पाहुणा वर्षातून एकंदर तीसच दिवस राहू शकतो. म्हणजे आईबापांवर आपत्ती आली आणि नातवाला जवळ घ्यावयाची वेळ आली, तर आजोबांनी नातू सोडावा किंवा घर सोडावे. मुलांना घर वारशाने मिळते, पण पंचेचाळिशीच्या मुलाला त्यात राहता येत नाही. वर्गणी मात्र त्याच दिवसापासून त्याच्या नावावर चढते. कपबशांसह घर विकावयास काढणारी मुले घाईत का असतात, हे आमच्या ध्यानात तेव्हा आले.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, की मग तुम्ही त्यांना नको म्हणून लिहिले असेल. तसे लिहिले नाही. त्या ठिकाणी दाराशी दवाखाना होता, एका मजल्याचे घर होते, आणि संध्याकाळी पत्ते खेळावयास माणसे होती. एकाकीपणापुढे वर्गणी मोठी नव्हे. फ्लॉरिडात टॅव्हारेस येथे हिंदी लोकांसाठीच 'शांतिनिकेतन' नावाची निवृत्तांची वसाहत निघाली आहे. तेथे जाणाऱ्यांनाही गोल्फची ओढ नसते, आपल्या चवीच्या आमटीची आणि आपल्या गप्पांची असते.

स्नेह्यांनी ते घर सोडले. दोन गल्ल्या मागे, चेंडू पोहोचणार नाही असे, दुसरे जुने घर घेतले. छपराखालचा थर नवा होता आणि राखीव निधी निम्माअधिक भरलेला होता. किमतीत खास वर्गणीचा अंदाज वजा करून घेतला. मुलाला बोलावून करारातला वारसाचा भाग मोठ्याने वाचून दाखविला. मुलगा थोडा रागावला, मग त्याने एक प्रत मागून घेतली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या संघाने वर्गणी एकदम तीस टक्के वाढविण्याचा ठराव मतास टाकला. मैदानाखालचे नळ बदलावयाचे होते. स्नेह्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. नळ पुरे बदलून होईतो आपण असू की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी 'होय' अशी खूण करून मतपत्रिका पाठविली. ठराव अकरा मतांनी पडला. तो पुन्हा मतास यावयाचा आहे, आणि सध्या ते सकाळी फिरावयास जाताना शेजाऱ्यांची एकेक दारे वाजवीत असतात.