दहा गाड्या, एकच दोष
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. गाड्यांबद्दल बोलणार आहोत, आणि त्याही ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या. तुम्ही म्हणाल, आम्हा कोरडवाहू माणसांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. दोन एकरांत दोघा भावांचे भागत नाही म्हणून एक भाऊ कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. रिक्षा कर्जाची. तिसऱ्याच महिन्यात गिअरबॉक्स गेला की विक्रेता त्याला सांगतो, "तुला चालवता येत नाही." रिक्षा गॅरेजात पडते, धंदा बुडतो, हप्ता मात्र थांबत नाही.

हे उत्तर ओळखीचे वाटते ना? बियाणे उगवले नाही की दुकानदार आपल्याला सांगतो, "तुम्ही खोल पेरले, जमिनीत ओल नव्हती." एकट्या माणसाला खोटे पाडणे फार सोपे असते.

शेतकी महाविद्यालयात आम्ही एक गोष्ट शिकलो. एक झाड वाळले तर त्याची शंभर कारणे असू शकतात. पण एकाच लॉटचे बी दहा जणांनी दहा जातींच्या जमिनीत पेरले आणि दहाही ठिकाणी तोच बिघाड झाला, तर दोष बियाण्यात आहे. गाडीचेही तसेच. एका रिक्षाचा गिअरबॉक्स गेला तर ती तक्रार. त्याच महिन्यात बनलेल्या दहा रिक्षांचा गेला, तर तो पुरावा. एकजुटीने जोर वाढतो हे आपल्याला ठाऊक आहे. एकजुटीने पुरावाही तयार होतो, हे आज सांगायचे आहे.

जगाकडे बघा. २०१५ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची लबाडी अमेरिकेत उघडी पडली. डिझेल मोटारीत अशी करामत बसवली होती की तपासणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर मात्र विषारी. २०१६ साली तिथल्या न्यायालयाने सामूहिक तडजोड मंजूर केली. सुमारे पावणेपाच लाख मोटारींसाठी ती होती. मोटार कंपनीला परत विकण्याचा हक्क मालकांना मिळाला, शिवाय किमान ५,१०० डॉलर रोख.

याच कंपनीचा कारखाना आपल्या चाकणला आहे. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० मोटारी परत बोलावून दुरुस्त करण्याचे कंपनीने जाहीर केले, पण इथला कायदा मोडल्याचे मान्य केले नाही. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. तो दंडही हवेच्या प्रदूषणासाठी होता, मालकाच्या खिशात जाण्यासाठी नव्हता.

असे का? तिकडे एक दावा सगळ्यांच्या नावाने चालतो; ज्याला नको त्याने बाहेर पडायचे. जिंकल्यावर वकील वाटा घेतो, म्हणून गरिबाचा दावाही उभा राहतो. तिकडचे सगळेच सोन्याचे नाही. काही तडजोडींत वकिलांना कोट्यवधी मिळाले आणि मालकांच्या हाती नुसती सवलतीची कुपने आली. आपल्याकडे वकिलाला असा वाटा घेण्यास बंदी आहे. म्हणजे दहा जणांना गोळा करण्याचे काम वकील करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

कायदा मात्र आपल्याकडेही आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सगळ्यांच्या वतीने एकाने तक्रार करण्याची सोय होती. २०१९ च्या नव्या कायद्यात ती कलम ३५ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हा आयोगाची परवानगी लागते आणि सगळ्यांचे हित एकच आहे हे दाखवावे लागते. ते जमले नाही तरी काही जण मिळून संयुक्त तक्रार करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनी कुठलीही असो, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. डोंबिवलीचा रिक्षावाला ठाण्यात, यवतमाळचा शेतकरी यवतमाळात.

कुणी म्हणेल, रिक्षा तर धंद्याची, तिचा मालक ग्राहक कसा? पोट भरण्यासाठी जो स्वतः रिक्षा चालवतो तो ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे.

मोटार वाहन कायद्यातही २०१९ साली कलम ११०अ आले. दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या माणसांना किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. मग कंपनीने पूर्ण किंमत परत द्यायची, नाहीतर गाडी बदलून किंवा दुरुस्त करून द्यायची. हा हुकूम निघण्याचा एक मार्ग कोणता? ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार नोंदवणे! डोकी मोजण्याची भाषा कायद्यानेच लिहून ठेवली आहे.

उशीर मात्र करू नका. आयोगापुढची मुदत दोन वर्षांची आहे, आणि कंपन्याही कायम राहत नाहीत. डोंबिवलीत प्रीमियरच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोची ३०९ मोटार १९९४ पासून बनू लागली. १९९७ साली प्यूजो निघून गेली. मोटारी मालकांच्या दारात राहिल्या.

आणि आपले काय? २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेतकरी हा ग्राहक आहे. सगळे बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. ही वाट शेतकऱ्यांनीच लढून मोकळी केली.

तेव्हा प्रत्येक गावाने एक वही घालावी. ट्रॅक्टर, मोटारसायकल, पंप, बियाणे, जे काही विकत घेतले त्याचे पक्के बिल, चासी किंवा लॉट नंबर, बिघाडाची तारीख आणि दुकानदाराचे उत्तर तिच्यात लिहा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. शहरात गेलेल्या पोरांनाही हेच सांगा, रिक्षा स्टँडवर वही ठेवा म्हणावे. एकाच दोषाची दहा नावे जमली की आम्हाला कळवा. मग विक्रेत्याला कुणाचाही हात वाईट म्हणता येणार नाही. दहा हात एकदम वाईट कसे असतील?