एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट श्रोत्यांच्या परिचयाची असेलच. पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशी दुप्पट करीत गेल्यास चौसष्टावें घर येण्यापूर्वींच राजाचीं कोठारें रितीं होतात. या पटाला आणखी तीन घरें जोडलीं, तर एकूण दाण्यांची संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ इतकी भरते. २ च्या ६७ व्या घातांतून १ वजा केला कीं हीच संख्या मिळते. ती अविभाज्य आहे, कीं दोन लहान संख्यांच्या गुणाकारानें ती बनली आहे? प्रश्न एवढाच, परंतु त्याचें पुरें उत्तर मिळण्यास अडीचशेंहून अधिक वर्षें लागलीं.

मारँ मर्सेन या फ्रेंच संन्याशानें १६४४ सालीं एक यादी छापली. २ च्या कोणकोणत्या घातांतून १ वजा केला असतां अविभाज्य संख्या येते, हें त्यानें २५७ व्या घातापर्यंत सांगितलें. पुरावा मात्र दिला नाहीं. यादींत ६७ होता. (६१, ८९ आणि १०७ हे खरे मानकरी त्याच्या नजरेंतून सुटले, हें पुढें उघडकीस आलें.)

१८७६ सालीं एदुआर् ल्यूका या गणितज्ञानें मर्सेनच्या या संख्येविरुद्ध निकाल दिला. त्याची रीत मोठी विलक्षण होती. अवयव शोधण्याच्या भरीस न पडतां, ठराविक क्रमानें वर्ग करीत आणि बाकी घेत जाऊन संख्या अविभाज्य नाहीं एवढें तिनें सिद्ध होतें. घरांत चोरी झाली हें सिद्ध व्हावें, पण चोर सांपडूं नये, तसाच हा प्रकार! संख्या फुटते हें कळलें. कोठें फुटते हें कळेना.

चोराच्या अंगावर एक खूण मात्र असते. २ च्या ११ व्या घातांतून १ वजा केल्यास २०४७ येतात आणि त्यांचे अवयव २३ व ८९ आहेत. दोहोंतून १ काढला तर २२ आणि ८८ उरतात. दोहोंस अकराच्या दुपटीनें भाग जातो. त्याच न्यायानें आपल्या एकवीस अंकी संख्येच्या प्रत्येक अवयवांतून १ काढल्यास उरलेल्या संख्येस १३४ नें भाग गेलाच पाहिजे. शिवाय आठानें भागल्यास अवयवाची बाकी १ किंवा ७ च उरते. एवढी चाळणी लावूनहि खऱ्या अवयवापर्यंत सात लाखांवर उमेदवार शिल्लक राहतात, आणि हा सारा व्यवहार कागद-पेन्सिलीचा!

कोलंबिया विद्यापीठांतील फ्रँक नेल्सन कोल यानें वर्गांच्या बाक्यांच्या आधारें ही चाळणी अधिक बारीक केली. १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें अमेरिकन गणित परिषदेपुढें त्यानें आपलें फलित मांडलें. असें सांगतात, कीं तो एक शब्दहि बोलला नाहीं. फळ्यावर एका बाजूस त्यानें २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ नें हातानें गुणलें. दोन्ही उत्तरें तंतोतंत जुळलीं आणि सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. किती काळ लागला असें पुढें कोणीं विचारलें, तेव्हां 'तीन वर्षांचे रविवार' असें त्यानें सांगितल्याची आख्यायिका आहे. मौनाची कथा थोडी रंगविलेली असेल. गुणाकार मात्र कोणासहि पडताळून पाहतां येतो.

पडताळा घटकेचा आणि शोध वर्षांचा, या विषमतेवरच १९७७ सालीं निघालेली एक गुप्तलेखनपद्धति उभी आहे, आणि बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यास तिचा उपयोग होतो. कोलची संख्या आजचा संगणक निमिषार्धांत फोडतो. परंतु २०२० सालीं २५० अंकी एक संख्या फोडतांना जें गणन झालें, तें गणकयंत्राच्या प्रक्रियकांतील एकट्या गाभ्यास सुमारें २७०० वर्षें पुरलें असतें. २ च्या १२७७ व्या घातांतून १ वजा करून येणारी ३८५ अंकी संख्या तर आज अगदीं ल्यूकानें सोडलेल्या स्थितींत आहे. ती अविभाज्य नाहीं हें सिद्ध झालेलें आहे. तिचा एकहि अवयव अद्याप हातीं लागलेला नाहीं.