निवळलेल्या पाण्याखालचा गाळ



चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास गाळाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात मामा तलाव आटला की त्याच्या तळाचा गाळ गाड्या भरून धानाच्या बांधीत नेण्याची रीत येथे जुनीच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासकीय योजनेनेही तिलाच हातभार लावला. तेव्हा जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीत साचलेला गाळही शेतात पसरावा, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु हे दोन गाळ एका जातीचे नव्हेत, आणि हा भेद मुलांना शाळेतच कळावयास हवा.

पावसाळ्यात वैनगंगेचे पाणी गढूळ होते. त्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युत्भारामुळे एकमेकांस दूर लोटतात व दीर्घकाळ तरंगत राहतात. तुरटीतील अॅल्युमिनियम हा भार निष्प्रभ करते, आणि पाण्यातील अल्कधर्मी क्षारांशी संयोग पावून त्याचे खळीसारखे बुळबुळीत हायड्रॉक्साइड बनते. माती, शेवाळ व पुष्कळसे जंतू त्यात गुरफटतात. त्यांचे पुंजके होऊन तळाशी बसतात. तलावाच्या गाळात माती व कुजलेला पाला असतो. केंद्राच्या गाळात मातीबरोबर तुरटीचा अंशही असतो. ताजा असताना त्याच्या शंभर भागांत बहुधा ९७ किंवा त्याहून अधिक भाग पाणीच असते.

या हायड्रॉक्साइडचा स्वभाव मोठा हट्टी आहे. फॉस्फेट जवळ आले की ते त्यास घट्ट धरून ठेवते. असा गाळ शेतात जाड थराने पसरला, तर पैसे मोजून घातलेल्या सुपर फॉस्फेटमधील फॉस्फरस त्यातच अडकून पडतो, आणि धानाची मुळे उपाशी राहतात. जमीन आम्लधर्मी असेल तर अॅल्युमिनियम विरघळून मुळांस प्रत्यक्ष अपायही करते. मातीची व गाळाची परीक्षा झाल्यावाचून त्यास खत म्हणणे धाडसाचे होय.

शेतात जो दोष, तोच सांडपाण्याच्या बाबतीत गुण ठरतो. साबणाचे व गोठ्याचे पाणी नालीवाटे तलावास मिळाले म्हणजे त्यातील फॉस्फरसवर शेवाळ माजते, तलाव हिरवा होतो, आणि शेवाळ कुजू लागले की प्राणवायूअभावी मासे मरतात. हाच गाळ वाळवून, त्याचे खडे करून त्यांच्या थरातून सांडपाणी जाऊ दिले, तर बराचसा फॉस्फरस तेथेच अडकतो. आयर्लंडमधील युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथील संशोधकांनी अशा थरांवर पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले आहेत. विटांच्या मातीत काही प्रमाणात हा गाळ मिसळता येतो, हेही प्रयोगांती दिसून आले आहे. आम्ल घालून गाळातून तुरटी परत मिळविण्याची युक्ती आहे खरी, पण ती मोठ्या केंद्रांसाठी. गावाने तिच्या नादी लागू नये.

एका गाळाविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. ते प्रमाण दर लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडेही बिघडू शकतात. अशा पाण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने नालगोंडा पद्धत विकसित केली. तीत पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात, आणि फ्लोराइड पुंजक्यांबरोबर खाली बसते. घरगुती बादलीची तोटी तळापासून थोडी वर असते ती याचसाठी! पाण्यातून काढलेले विष आता त्या गाळात आहे. तो विहिरीजवळ, परसबागेत किंवा नालीत ओतला तर पाऊस त्यास पुन्हा पाण्याकडे नेऊ शकतो. तो निराळा साठवावा, आणि त्याची विल्हेवाट पाणीपुरवठा विभागास विचारूनच लावावी.

वर्गात एवढे करून दाखवावे. दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घेऊन एकात तुरटी फिरवावी. तासाभराने त्या पेल्याच्या तळाशी साचलेल्या गाळाची उंची मुलांनी पट्टीने मोजावी. मग वरचे पाणी हलकेच ओतून टाकून गाळ ताटलीत उन्हात ठेवावा. दुसऱ्या दिवशी तेथे पातळ पापुद्राच उरलेला दिसेल. त्यानंतर वर्गास गावच्या शुद्धीकरण केंद्रावर न्यावे व टाकी धुतलेले पाणी कोणत्या नालीस जाते, हे जलसुरक्षकास मुलांनीच विचारावे.