गाणं आपलं, कागदही आपला हवा

 

पांझरा नदीच्या दक्षिणेला जुनं धुळे, उत्तरेला आपलं देवपूर आणि काठावर एकवीरा आईचं मंदिर. साक्री, शिरपूर, शिंदखेड्यापासून पारोळा, अमळनेर, चाळीसगावपर्यंतची मंडळी आज या परिषदेसाठी इथे जमली आहेत. कोणी वही गायनाच्या फडातले, कोणी बँडवाले, कोणी स्टुडिओत बसून अहिराणी गाणी करणारे. आखाजी, कानबाई या सणांची गाणी अजून तोंडपाठ असलेल्या आजीबाईही पहिल्या रांगेत आहेत. त्यांना मी आधी नमस्कार करतो, कारण आजचा विषय गाण्याच्या हक्काचा आणि त्याची मूळ मालमत्ता त्यांच्याकडे आहे.

स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी सांगून खाली बसावं, अशी रीत आहे. ती मी पाळतो, पण थोरवी विषयाला धरूनच सांगतो.

इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या गावात उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची दप्तरं उतरवून त्यांनी कागद वाचवले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, पण ‘गीता प्रवचने’वर नाव राहिलं विनोबांचंच. असोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात आणि मुलगा सोपानदेव व पितांबर चौधरी टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, आचार्य अत्र्यांनी ती गाणी पाहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, बहिणाबाईंच्या नावानं. घरच्यांनी वहीत टिपलं नसतं, तर तीच गाणी आज ‘पारंपरिक’ म्हणून कोणाच्याही नावावर फिरली असती.

कायद्याच्या हिशेबानं लेखक गेल्यावर प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे बहिणाबाईंच्या त्या पुस्तकातली गाणी २०१२ च्या अखेरीस सर्वांसाठी मोकळी झाली. ती कोणीही गावीत. मात्र दुसऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग उचलून आपल्या चॅनलवर टाकू नये. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात, ही गोष्ट आज इथून जाताना प्रत्येकानं पक्की करून जावी. आम्हा वकिलांकडे येणारी निम्मी भांडणं हे तीन हक्क एकच समजण्याच्या घोटाळ्यातून उभी राहतात.

आणखी एक नाव घेतलं पाहिजे. लतादीदींचं आजोळ तापीकाठचं थाळनेर, आपल्याच शिरपूर तालुक्यातलं. साठच्या दशकात गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे, असं त्यांनी निर्मात्यांना बजावलं. मोहम्मद रफींचं मत उलट होतं: गाणं गायलं, पैसे घेतले, व्यवहार संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब मनानं फार मोठे होते, पण या प्रश्नावर दीदींचं बरोबर होतं, असं मी वकील म्हणूनही म्हणतो आणि खान्देशी माणूस म्हणूनही. गाणं आज रेकॉर्ड होतं आणि पन्नास वर्षं वाजत राहतं. वाजण्याचे पैसे पन्नास वर्षं कोणीतरी घेतच असतो. मग गाणाऱ्यानं एकदाच का घ्यायचे?

कायद्यानं मात्र दीदींच्या बाजूला यायला फार वेळ लावला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, निर्मात्यानं पैसे देऊन गीत-संगीत करवून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर मालक निर्माता. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला आपल्या कायद्यात हक्कच नाही, याबद्दल खंत नोंदवली. कलावंताचा म्हणून हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. आणि खरी कलाटणी मिळाली जून २०१२ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनं. जावेद अख्तरांनी राज्यसभेत या दुरुस्तीसाठी आवाज उठवला होता, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

ती दुरुस्ती सोप्या भाषेत सांगतो. गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट विकू शकतात, पण रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा विकू शकत नाहीत. सिनेमागृहात सिनेमाबरोबर गाणं वाजलं तर वेगळं. बाकी रेडिओ, टीव्ही, मोबाइल, कुठेही वाजलं तरी अर्धा वाटा त्यांचा. तो सोडून देता येत नाही. वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच तो देता येतो. याच्या विरुद्ध कितीही सह्या घेतल्या तरी तो करार तेवढ्यापुरता रद्द. गायकालाही त्याच्या गाण्याच्या व्यापारी वापरावर रॉयल्टी कायद्यानं दिली आहे.

आता आपल्या खान्देशात काय चालतं ते पाहू. अहिराणी गाण्यांना युट्यूबवर कोटींनी व्ह्यूज मिळतात. हळदीला, वरातीला पुण्या-मुंबईतही आपली गाणी वाजतात. याचा अभिमान आहेच. पण माझ्या टेबलावर जे करारनामे येतात ते दोन पानांचे असतात. पहिल्या पानावर गाण्याचं नाव आणि एकरकमी रक्कम. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘संपूर्ण जगभर, कायमस्वरूपी, आज माहीत असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’. खाली गीतकाराची सही. त्याच्याजवळ प्रत नसते. मोबाइलमध्ये फोटो असतो, तोही पहिल्याच पानाचा. ‘गानं मनं शे, पन नाव दुसरानं शे,’ असं म्हणत तो समोर बसतो.

त्याला मी सांगतो ते तुम्हालाही सांगतो. अर्धा वाटा या दुसऱ्या पानानं जात नाही. ‘पुढे येणारी सर्व माध्यमं’ असं मोघम लिहून भागत नाही. करार झाला तेव्हा वापरात नसलेलं माध्यम त्यात स्पष्ट नमूद नसेल, तर त्याचे हक्क मूळ मालकाकडेच राहतात. अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रोखली. उद्या तुमच्या आवाजाचीही नक्कल होईल, म्हणून ‘पुढे येणारी सर्व माध्यमं’ या ओळीकडे नीट बघा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि ज्यांनी फोनवर व्यवहार केला, पैसे मोबाइलवर घेतले, कागद झालाच नाही, त्यांनी घाबरून जाऊ नये. पगारी नोकरीत लिहिलेलं सोडलं तर सही केलेल्या लेखाशिवाय कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे होत नाही.

दुसरा त्रास युट्यूबच्या क्लेमचा. आखाजीचं गौराईचं गाणं घ्या. चाल कोणाची, कोणालाच माहीत नाही. एका चॅनलवाल्यानं ते रेकॉर्ड केलं आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत युट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत नोंदवलं. दुसऱ्या गावच्या एका ताईंनी तेच गाणं, आजीकडून ऐकलेलं, स्वतःच्या आवाजात टाकलं. यंत्रानं सूर जुळवले, क्लेम लावला, आणि जाहिरातीचे पैसे पहिल्याकडे वळले. ताईंनी हरकत घेतलीच नाही. तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं. पण क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेमवर हरकत घेतली की समोरच्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पारंपरिक चालीवर कोणाची मालकी नसते. त्याच्या रेकॉर्डिंगवर त्याची आहे, ताईंच्या रेकॉर्डिंगवर ताईंची. माझ्या मते लोकगीत स्वतःचं म्हणून नोंदवणं ही सरळ सरळ चोरी आहे आणि या परिषदेनं ती तशीच म्हटली पाहिजे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवी गाणाऱ्या बाईचं, तिच्या गावाचं नाव नोंदवत गेले. कानबाईच्या गाण्यांचं असं काम आपल्याकडे व्हायला हवं.

तुमचंच रेकॉर्डिंग कोणी उचलून टाकलं, तर ते जिथे टाकलं त्या युट्यूबसारख्या मंचाला लेखी तक्रार द्या. नियमाप्रमाणे ३६ तासांत ते उतरवावं लागतं. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ते परत चढवता येतं. म्हणून वाट पाहत बसू नका.

बँडवाल्या भावांसाठी एक खुलासा. लग्नाचा विधी आणि वरात यांत वाजवलेल्या गाण्याला कायद्यानं सूट आहे. तिचा अर्थ वाढवून गोवा सरकारनं काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. तेव्हा हॉलमधल्या कार्यक्रमांना ती सूट आपोआप लागू होते, असं समजू नका.

मोठ्या कोर्टातल्या मोठ्या लढायाही आपल्या उपयोगाच्या आहेत. टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचं ॲप यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवलं की, रेडिओसाठीची सरसकट परवान्याची तरतूद इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्यांना लागू नाही. त्यांनी मालकाशी बोलूनच दर ठरवायचा. २०२२ मध्ये खंडपीठानंही तेच कायम ठेवलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की, रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकारांचीही रॉयल्टी द्यावी लागेल. ही रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. पण तिच्याकडे तुमचं नाव आणि तुमच्या गाण्यांची यादी नसेल, तर तिनं पैसे पाठवायचे कोणाला? हक्क २०१२ मध्येच मिळाला, तरी सदस्य नसलेले गीतकार मला रोज भेटतात. राजवाड्यांच्या गावात तरी असं होऊ नये.

दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आहे, पोटभर जेवा. जेवणानंतर शेजारच्या वर्गात आम्ही काही वकील आणि कॉलेजची मुलं बसणार आहोत. आपल्या गाण्यांची यादी घेऊन या: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, रेकॉर्डिंग कधी आणि कुठे झालं, पैसे कोणी दिले. करार असेल तर त्याची दोन्ही पानं आणा. गीताच्या सरकारी नोंदणीची फी ५०० रुपये आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात ती कामी येते. ज्यांचे आईवडील गाणी रचत होते आणि आज हयात नाहीत, त्यांनीही यावं. वारसांना आयपीआरएसचं सदस्य होता येतं. फॉर्म आम्ही भरून देऊ, सही तेवढी तुमची हवी.