नगराध्यक्ष कोणी निवडायचा? आपण की नगरसेवकांनी?

आजचा विषय आपल्या वणीचाच आहे, पण सुरुवात जरा लांबून करू.

२०१६ ला अमेरिकेत हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा जवळपास २८ लाख मतं जास्त पडली. तरी अध्यक्ष झाले ट्रम्प. कारण तिथे हिशोब राज्यवार होतो, देशभरातल्या एकूण मतांचा नाही. म्हणून तिथे वाद चालू आहे की सगळी मतं एकत्र मोजा, ज्याला जास्त तो अध्यक्ष.

आता हाच हिशोब नगरपालिकेत मांडून बघा. समजा तीन वॉर्ड आहेत, प्रत्येकात हजार मतं. एका पक्षाने दोन वॉर्ड ५२०-४८० असे काठावर जिंकले आणि तिसरा २००-८०० ने हरला. नगरसेवक त्याचे दोन, म्हणजे नगराध्यक्षही त्याचाच. पण गावभराची मतं मोजली तर त्याला १२४०, समोरच्याला १७६०! थेट निवडणुकीत निकाल उलटा लागला असता.

शिवाय नगरसेवकांनी निवडायचं म्हटलं की फोडाफोडी आली, सहली आल्या. निकाल लागला की नगरसेवक गायब, थेट मतदानाच्या दिवशीच गाडीतून उतरणार. हे सगळ्यांनी पाहिलंय.

मग थेट निवडणूकच बरी? थांबा, तिचीही एक अडचण आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं तर? २०१६ नंतर राज्यात बऱ्याच ठिकाणी झालं. बजेट, मोठे ठराव सगळं सर्वसाधारण सभेतून जातं. तिथे अडवाअडवी सुरू झाली की नळाची लाइन कागदावरच राहते.

दोन्ही बाजूंना दम आहे. पण आपल्याकडे निर्णय वाद घालून होत नाही, सरकार बदललं की होतो. २००१ ला थेट निवडणूक झाली. २००६ ला ती पद्धत गेली. २०१६ ला परत आली, तेव्हा वणीकरांनी तारेंद्र बोर्डे यांना थेट निवडून दिलं. २०२० ला महाविकास आघाडीने ती रद्द केली, तेव्हा नगरविकास खातं एकनाथ शिंदेंकडे होतं. आणि जुलै २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर शिंदेंच्याच सरकारने ती परत आणली!

आणि या काळात मतदार काय करत होता? वाट बघत होता. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात अडकला, पालिकांच्या मुदती संपल्या, प्रशासक बसले. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांसाठी मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. पद्धत कुठलीही असू द्या, मतदानच नसेल तर दोन्ही सारख्याच.

माझं मत विचाराल तर थेट निवडणूक राहू द्यावी. गावाचा पहिला माणूस गावाने निवडावा. पण नियम एकदा ठरला की तो पुढच्या दोन-तीन निवडणुका तरी हलू नये. खेळ सुरू असताना गोलपोस्ट सरकवायचा नसतो, हे शासकीय मैदानावर खेळणारी पोरंसुद्धा जाणतात.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. मशीनवर नगराध्यक्षाचं बटण वेगळं, प्रभागाच्या दोन नगरसेवकांची वेगळी. वरचं नाव बघून खालची बटणं डोळे मिटून दाबू नका. नगराध्यक्षाला सभेत हिशोब विचारणार तेच दोघं आहेत.

तुम्हाला काय वाटतं? थेट की नगरसेवकांमधून? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू!